डाव्या पायाचा बूट

दादा,

परवा गुंड्याला पोचवून आल्यावर तू चारचौघांत म्हणालास, "सुटला बिचारा." असं बोलायला जीभ कशी रेटली रे तुझी? आपला धाकटा भाऊ चाळीस वर्षांत एक शब्द बोलला नाही, पण हसून घर डोक्यावर घ्यायचा.

त्याचं सगळं करणाऱ्या मावशी घरी निघाल्या, की तो त्यांची एक चप्पल लपवायचा. आवडलेल्या माणसाला जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा कायदा. मावशी कपाळाला हात लावून आणखी एक चहा घ्यायच्या, तेव्हा कुठे तो टाळ्या पिटत चप्पल आणून द्यायचा. परवा त्या निघाल्या, तर दोन्ही चपला जागेवर होत्या. तिथेच मटकन बसून रडल्या.

आज त्याचं कपाट आवरताना तुझा बूट सापडला. अकरा वर्षांपूर्वी "या वेड्याला डांबून ठेवा" असं ओरडत तू बाबांच्या चपला घालून तरातरा निघून गेलास, तेव्हाचा. पुसून पुसून आरशासारखा केलाय त्याने.

हे पत्र त्याच बुटात कोंबून ठेवतेय. गुंड्याच्या कायद्याने बूट परत मिळायला एक चहा होईपर्यंत थांबावं लागतं. तू परवाही थांबला नाहीस.

गुंड्याची ताई