निम्म्या दराची रॅम

वेंगुर्ले,
मंगळवार

प्रिय ह्युबर्ट,

तुझी जाहिरात काल पुन्हा माझ्या फोनवर आली. ‘तपासलेली रॅम, बाजारापेक्षा निम्म्या दरात, उरलेत फक्त थोडे नग.’ पाच महिने झाले, तुझे थोडे नग काही संपत नाहीत. सुक्या सुंगटांत वाळू मिसळणारी मासळीवालीसुद्धा विकताना नजर खाली ठेवते. तू मात्र फोटोत हसतोयस, तेही टाय लावून. म्हापशाच्या उकाड्यात टाय कोणासाठी लावतोस?

हे कागदावर लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. “अगो किशोरी, ऐक तर” म्हणून सुरुवात करतोस आणि पाच मिनिटांनी मीच तुझी समजूत काढून फोन ठेवते. एकोणीस वर्षांपूर्वी ‘सहा महिन्यांत येतंय’ सांगून गेलास तेव्हाही तसंच झालं होतं. स्टँडवर रडायचं मला होतं आणि रुमाल मी तुला दिला. तेव्हा आता गप्प बसून शेवटपर्यंत वाच.

दिवाळीनंतर रॅमचे भाव कसे चढले ते तुला काय सांगायचं. एआयवाल्या कंपन्यांनी जगातला माल ओढून नेला आणि इथे एखाद्या पतपेढीचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तर माझ्या दुकानात लावायला आठ जीबीची एक रॅम नव्हती. गिऱ्हाइकं परत पाठवत होते. तेवढ्यात तुझा निरोप आला आणि मी बारा नग मागवले.

माल आला तेव्हा मी अगदीच आंधळी नव्हते. बंदराच्या रस्त्यावरच्या आपल्या दुरुस्तीच्या त्या खोलीत तूच मला शिकवलं होतंस, “विकणारो काय सांगता ता ऐकू नको. माल काय सांगता ता ऐक.” तेव्हा तू असं बोलायचास, हे आता कोणाला खरं वाटणार नाही. मी भिंग घेऊन बसले. कोऱ्या म्हणून पाठवलेल्या रॅमच्या सोनेरी पिनांवर बसवल्या-काढल्याचे ओरखडे होते. तीन नगांवर सिरियल नंबर एकच. थिनरचा बोळा फिरवला तर चिपवरचं कंपनीचं नाव पुसून गेलं आणि खालून भलतंच नाव वर आलं. ते तीन नग बाजूला काढून तुला फोन केला. तू म्हणालास, “पोरांनी स्टिकर बदलले गो, बाकी माल बरो आसा. तुका मी वायट माल देतलंय काय?”

तिथेच बाराही नग परत पाठवायला हवे होते. त्याऐवजी उरलेले नऊ मी तपासायला लावले. रॅमची परीक्षा एका फेरीत होत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. थंड असताना सगळ्याच गुणी असतात. तासन् तास चालवून तापवली, तेच तेच लिहायला आणि वाचायला लावलं, की मग कुठे एखादी चुकते. दोन दिवसांत नऊही नग पहिल्या फेरीत पास झाले. दुसरी फेरी सुरू केली आणि लाइट गेली. दुकानात माणसं थांबलेली. प्रत्येक नगाला रबराने चिठ्ठी लावलेली होती, ‘तपासली, ओके, ह्यु.’ तुझ्या हातचं अक्षर. उकाराची शेपटी अजून तशीच लांब ओढतोस. ती बघून मी दुसरी फेरी सोडून दिली. तुला हलकट म्हणायचा माझा हक्क इथे थोडा कमी होतो, ते मला कळतं. पण तू त्यावर फार खूश होऊ नकोस.

त्यांतला एक नग मी एका बाईंच्या कॉम्प्युटरला लावला. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुझ्या लेखी गिऱ्हाइकाला नाव नसतंच. वय चौऱ्याहत्तर. अकरा वर्षं या बाई आसपासच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपून ठेवत होत्या. मिठागरात राबलेल्या बायका, रापणीचं जाळं ओढणारे, होड्या बांधणारे सुतार. कोणत्या वाऱ्याला काय म्हणतात, मीठ कधी उचलायचं, लग्नात कोणती गाणी म्हणत. एकशे चाळीस माणसं. बोलणाऱ्यांतली बरीच आता नाहीत. बाईंची जुनी डिस्क कुरकुरायला लागली होती म्हणून मी त्याच कॉम्प्युटरवर सगळ्या फाइली एकत्र बांधून नव्या डिस्कवर टाकल्या. पहिल्या तीन उघडून बघितल्या, नीट वाजल्या, म्हणून समाधान मानलं. जुनी डिस्क आठवड्याने कायमची बंद पडली आणि मी ती भंगारात दिली.

पुढच्या महिन्यात बाई रिक्षाने दुकानात आल्या, कॉम्प्युटर मांडीवर घेऊन. शांतपणे म्हणाल्या, “किशोरी, ह्यांचो आवाज खंय गेलो गो?” मी तीन दिवस त्या फाइलींवर बसले. दुकान बंद ठेवलं. एकशे चाळीसपैकी एकोणीस उघडल्या. तुझी रॅम मग मशीनला लावून नीट तापवली. तिसऱ्या फेरीत, दीड तासाने, ती चुकू लागली. मधलेच आकडे बदलत होती, तेही इतक्या गुपचूप की कॉम्प्युटरला पत्ता लागू नये. बाईंच्या सगळ्या फाइली तिच्यातूनच नव्या डिस्कवर गेल्या होत्या. बंद पडणारी रॅम परवडली. ती निदान सांगते तरी, मी मेले म्हणून.

बाकीचे आठ नग मी स्कूटरवर हिंडून गोळा केले. कुणकेश्वरपर्यंत गेले. प्रत्येकाच्या दारात उभं राहून सांगितलं की मी खराब माल लावलाय, तो काढायला आलेय. त्यांतले आणखी तीन चुकणारे निघाले. कोणी मला फारसं बोललं नाही. रसिकाने, ती झेरॉक्सवाली, चहा दिला. त्याची लाज जास्त वाटली.

बाईंना मी माझी चूक सांगितली. अर्धवट तपासलेली रॅम लावली, हे मान्य केलं. त्यांनी विचारलं, “कोणाकडसून घेतलंस?” ते मला सांगता आलं नाही. म्हटलं, बाहेरून मागवलेली. त्यांनी मान हलवली आणि वही काढून कोण कोण अजून जिवंत आहे त्याची यादी करायला बसल्या. चौतीस निघाले. गेल्या रविवारी आम्ही दोघी सत्यवतीकाकींकडे गेलो होतो. काकींनी मिठागराचं सगळं पुन्हा सांगितलं, मध्ये दम लागला तरी. बाकीच्या तेहतिसांकडेही जाऊ. गेलेल्यांचं काय करायचं, ते मात्र आम्हा दोघींनाही माहीत नाही.

आता नाव लिहिते. आधी लिहिलं असतं तर तू फोन करून रडला असतास आणि पुन्हा मीच रुमाल शोधला असता. ह्युबर्ट, ती बाई म्हणजे तुझी आई, ईडाबाई. नाताळला दोन तास येऊन जातोस, म्हणून ती काय करते ते तुला कळलं नाही. शेवटची फाइल तुझ्या पप्पांची होती. जाण्याच्या दोन महिने आधी ते पाऊण तास बोलले होते, माडी घालून पावाचं पीठ कसं फुगवायचं, भट्टी कशी बांधली, आणि तू लहानपणी पावाच्या टोपलीत कसा झोपायचास. ती फाइल उघडली नाही. काल ईडाबाई म्हणाल्या, “पप्पा रोज सकाळी ह्युबर्टाक फोनात बोलान धाडीत. तेणी ते जपान ठेवले आसतले.” एवढा त्यांचा विश्वास. पप्पांचे ते व्हॉइस मेसेज तू जपून ठेवले असशील असं मला वाटत नाही, पण जुने फोन फेकायची तुला सवय नव्हती, एवढ्या आशेवर हे पत्र लिहिलंय. शोध. सापडले तर शिरोड्याला आईकडे ये. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून त्या दहापर्यंत घरी येतात. रॅम कोणाची होती ते तुझ्या तोंडाने सांग, मी सांगणार नाही. आणि पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे, तुझ्या दुकानातला आणू नकोस.

एके काळची तुझीच,
किशोरी