दाराआडचे पत्रक चर्चच्या पडवीत लावण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा आरोग्य कार्यालय.

विषय: पाळीतील अति रक्तस्रावावरील उपचारांचे पत्रक वाल्या-कोर्नी गावच्या चर्चच्या पडवीत लावू देण्याबाबत.
संदर्भ: आपले दि. ४ फेब्रुवारी २०२० चे नकाराचे पत्र.

साहेब,

माझी नात इलिंका हिचा बाप्तिस्मा झाला ते साल २०१७. पोरीला तिच्या धर्ममातेने आत नेले. तिची आई, म्हणजे माझी सून वेरोनिका, पडवीत उभी होती. पाळी आलेली बाई आमच्याकडे चर्चमध्ये पाऊल टाकत नाही.

१. त्यानंतर दोन वर्षे ती बहुतेक रविवारी पडवीतच असे. बायका म्हणायच्या, "वेरोनिकाने पडवी भाड्याने घेतली वाटतं." ती म्हणायची, "ऐकू येतंय ना सगळं? पाद्रीबाबांचा आवाज दणदणीत आहे." सून रीत पाळते याचे मला समाधान होते. रविवार मोजायचे सुचले नाही.

२. माझा मुलगा रोमानिया सोडून इटलीत बांधकामावर गेलेला. घरात आम्ही तिघीच. पाळीत दुपारपर्यंत तिचे चार कपडे भिजत. रक्त थांबावे म्हणून मी चिडवणीच्या खाजऱ्या पाल्याचा काढा देत असे. दम लागला की ती टेबलापाशी बसे. बसल्या बसल्या तिने मला अक्षरे शिकवली. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते. म्हणायची, "आई, एवढी वर्षं मक्याच्या पिठाचा मामालिगा घोटलात. पेन्सिल त्या पळीपेक्षा हलकी आहे."

३. गेल्या उन्हाळ्यात मी तिला तीनदा आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टर तरुण पुरुष. त्यांनी विचारले, "पाळीत जास्त जातं का?" ती माझ्याकडे बघू लागली. मी म्हटले, "इतर बायकांसारखंच." परक्या पुरुषापुढे हे बोलू नये असे मला वाटले. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. केंद्राच्या नोंदीत "तक्रार नाही" असे लिहिले आहे. ते बरोबर आहे. तक्रार मीच होऊ दिली नाही.

४. नोव्हेंबरात मी केंद्रात तिचे कागद आणायला एकटी गेले. थंडीमुळे दार लावलेले होते. दाराआडच्या भिंतीवर आपले पत्रक होते. उन्हाळ्यात दार उघडे असते, तेव्हा ते झाकले जाते. मी बोट ठेवून वाचले. वेळ लागला. पाळी सात दिवसांवर गेली, तासादोन तासाला पॅड भिजला, मोठ्या गाठी पडल्या, तर सांगावे, असे त्यात आहे. रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, त्या फक्त त्या दिवसांत घ्यायच्या. संप्रेरकांच्या गोळ्या वेगळ्या. गर्भाशयात बसवायचे एक लहान साधन आहे, ते काही वर्षे चालते. आतले अस्तर काढता येते. गर्भाशय काढणे अगदी शेवटी लिहिले आहे. मला तो एकच उपाय ठाऊक होता, आणि तिला अजून एक मूल हवे होते.

५. हे पत्रक पडवीत लावा असे मी केंद्रात सांगितले. नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, सरकारी कागद आहे. त्याला खिळासुद्धा सरकारीच लागतो." मी आपल्याला लिहिले. आपण कळवलेत की, नियमाप्रमाणे पत्रक रुग्ण जिथे असतात तिथेच लावायचे.

साहेब, रुग्ण पडवीतच असतात. दर रविवारी सगळ्या गावाला दिसतात.

तरी परवानगी द्यावी. अक्षर मोठे असावे. खिळा मी आणीन.

उत्तराची वाट पाहणारी,
साफ्ता मोल्दोवान
वाल्या-कोर्नी, २ मार्च २०२०

सोबत:
१. पत्रकाची माझ्या हाताने केलेली नक्कल. चुका माझ्या आहेत.
२. पाद्रीबाबांचे ना-हरकत पत्र.
३. मृत्यूचा दाखला. वेरोनिका मोल्दोवान, वय एकतीस, गुरुवार दि. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी इस्पितळाच्या वाटेवर वारली.