न धरलेले चेंडू

१२ जानेवारी
नवऱ्याने शर्यतीतून नाव काढलं माझं! विचारलं नाही, नुसतं सांगितलं — तेही उकडलेल्या अंड्याचं टरफल सोलता सोलता. "जोडीत बदल केलाय. तुझ्या गुडघ्यांचा विचार करून."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. पाच महिने भल्या सकाळी उठून ह्याच्याबरोबर पळत होते, तेव्हा कुठे गेला होता हा विचार? माझ्या जागी आता ह्याच्या ऑफिसातली ती. वय एकतीस, लांब पाय, कानात सतत काहीतरी खुपसलेलं. मी मनातल्या मनात तिला हरणी म्हणते.

वर नवरोबा म्हणतात, मोजायला मात्र तूच हवीस, तुझ्यासारखं कुणी मोजत नाही. म्हणजे मी पळायचं नाही, नुसतं मोजायचं.

१३ जानेवारी
लिहून ठेवते, नाहीतर शहाणीसुरती माणसं हे करतात यावर पुढे माझाच विश्वास बसणार नाही. मोठा बंदिस्त हॉल. एक किलोमीटर पळायचं, मग एक ओझ्याचं काम. पुन्हा किलोमीटर, पुन्हा काम. असं आठ वेळा. वजनं लादलेली घसरगाडी ढकलायची, तीच दोराने ओढायची, दोन हातांत जड लोढणी घेऊन चालायचं, वाळूची पिशवी खांद्यावर टाकून गुडघे टेकत जायचं. सगळ्यात शेवटी चेंडू — मोठा, मऊ, जड. पूर्ण खाली बसायचं, उठता उठता तो भिंतीवरच्या खुणेपर्यंत फेकायचा, झेलायचा, परत बसायचं. शंभर वेळा. एकट्याने तरी, नाहीतर जोडीने वाटून घेऊन. हमाल रोज हेच करतात, त्यांच्या गळ्यात कुणी पदक घालत नाही.

१९ जानेवारी
लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या. रक्ताच्या थेंबातल्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, जसा प्रकार तसं बटण दाबायचं, शंभर झाल्या की यंत्र टिंग करतं. चोवीस वर्षं हेच. एका पेशीची शंका आली तरी मी पट्टी पुन्हा लावते. डॉक्टर नव्या मुलींना सांगतात, बाईंच्या आकड्यावर डोळे मिटून सही करायची.

आणि संध्याकाळी पार्किंगच्या भिंतीपाशी हीच बाई! ह्याचा चेंडू खुणेच्या वीतभर खाली आपटतो. हा वळून म्हणतो, "धर ना." मी धरते, म्हणजे गणतीत घेते. अर्ध्यातूनच उठला — धरते. हल्ली तर त्याला म्हणावंही लागत नाही. मी मोठ्याने सत्तर म्हणते तेव्हा खरे पंचवीस-तीस झालेले असतात.

आधी प्रेमाने धरायचे. मग घरात शांतता राहावी म्हणून. आज पहिल्यांदा वाईट बुद्धीने धरले.

२० जानेवारी
हरणी आली होती सरावाला. उशिरा आली, मी "सत्तर!" म्हणाले तेव्हा पोचली. खूश झाली. म्हणाली, मग शर्यतीत सत्तर तुम्ही घ्या, तीस मी घेते.

ह्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं मी. नाही बोलले. "चालेल," म्हणाला.

हरभऱ्याच्या झाडावर मीच चढवलाय. उतरेल आपला आपण.

२ फेब्रुवारी
एकटीने नाव दिलं! महिला, वय पंचेचाळीस ते एकोणपन्नास. वाटून घ्यायला दुसरं कुणी नाही, खोटं धरायलाही नाही.

ह्याला सांगितलं. हसला नाही, रागावलाही नाही. झेपेल तेवढंच कर म्हणाला. अर्ध्या तासात वन्संचा फोन. वहिनी, या वयात कशाला, दादाला जाऊ द्या ना पुढे, तुम्ही टाळ्या वाजवा. म्हटलं, वन्सं, टाळ्या वाजवायलाही खांदे लागतात, तेच बळकट करतेय.

९ फेब्रुवारी
टायरच्या दुकानाच्या माडीवर एक जिम आहे. चालवणारे शाळेतले निवृत्त खेळशिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. जिन्यापासून रबराचा वास.

मास्तर मोजताना दोनच गोष्टी बोलतात. बरोबर असेल तर आकडा, नाहीतर "नाही." बावीस. नाही. नाही. तेवीस. नाही. साठ फेकले, तेवीस धरले! घरी माझे सलग पन्नास व्हायचे, हाच तर मोजायचा! म्हणजे हाही माझे धरत होता. पाच महिने दोघांनी एकमेकांना लोणी लावलं, आणि त्याला आम्ही सराव म्हणत होतो.

रडू आलं. रागाचं. मास्तर म्हणाले, "बाई, रडणं मी धरत नाही. उचला."

१७ फेब्रुवारी
घसरगाडी हलली!! पायाची दोन नखं काळीनिळी.

२६ फेब्रुवारी
आज पार्किंगमध्ये ह्याने दम लागलेला असतानाच विचारलं, "किती?"

"चौऱ्याहत्तर," मी म्हटलं.

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग टॉवेल उचलून वर गेला. खरा आकडा सव्वीस होता, माझ्या अगदी जिभेवर होता. गिळला.

कागदाशी कशाला खोटं बोलू? मला शर्यत जिंकायची नाही. शेवटच्या भिंतीपाशी पितळ उघडं पडेल तेव्हा ह्याचं तोंड बघायचंय, बस. इतकी वाईट आहे का मी? आहे.

१० मार्च
मास्तरांकडे एकाहत्तर. एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर! जिन्यावरून उतरताना कठडा धरून उतरले, मांड्या लटलटत होत्या, पण हसत होते एकटीच.

लॅबमध्ये हाताला घट्टे बघून डॉक्टरांनी विचारलं, घरी बांधकाम काढलंय का?

२२ मार्च
उद्या. घोडामैदान जवळच आहे.

ह्याने माझाही नंबर टी-शर्टला टाचून दिला. अगदी सरळ, चारी कोपऱ्यांत पिना. 

२३ मार्च
पूर्ण केली! एक तास अठ्ठावन्न मिनिटं. वाळूच्या पिशवीखाली एकदा बसलेच होते, वाटलं संपलं, पण उठले. चेंडू एकशे एकसष्ट फेकले तेव्हा शंभर धरले गेले. मोजणारी पोरगी मास्तरांची सख्खी बहीण शोभली असती.

जोड्या आमच्यानंतर सुटल्या होत्या. मग ओल्या कपड्यांनीच ह्याच्या भिंतीसमोरच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. गर्दीतून वाट काढत अगदी पुढे. तोवर जोडी छान चालली होती, खरं तर बऱ्याच जणांच्या पुढे होती. ह्याने चेंडू उचलला. एक. नाही. नाही. दोन. नाही. बसणं अर्धवट, चेंडू खाली, पंच मान हलवतोय. हरणी बाजूला उभी राहून आधी हसत होती, मग बघत राहिली, मग म्हणाली — मला ओठांवरून कळलं — काय चाललंय हे? एकोणीस झाले आणि ह्याचे हात वरच जाईनात. उरलेले सगळे तिने फेकले. एकामागून एक जोड्या पुढे निघून गेल्या. शेवटी ती ह्याच्याकडे न बघता पाणी प्यायला गेली.

मधे एकदाच तो वळला. पंचाकडे नाही, थेट माझ्याकडे.

मला हवं होतं ते तोंड मी बघितलं. आनंद झाला. दहा-एक सेकंद.   माझं पदक मी पिशवीत तळाशी घातलं.

२४ मार्च
सकाळी चहा पुढे ठेवला आणि सांगून टाकलं. मी खोटं मोजत होते. पहिल्यापासून. शेवटी शेवटी तर मुद्दाम.

"माहीत होतं," म्हणाला. "चेंडू कुठे लागतो ते फेकणाऱ्याला दिसत नाही का?"

मग नाव का काढलंस माझं?

कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाला, "तिथे खरं मोजणार होते. तिच्यासमोर नाचक्की झाली तर झाली, ती परकी. तू शेजारी उभी नको होतीस. तुझ्यापुरता मला सत्तरच राहायचं होतं."

आणि मी अगदी पुढे जाऊन उभी राहिले होते.