रुखवताची गाडी

३ नोव्हेंबर १९८६
पिकअप घेतला! जुना आहे, पण माझा आहे. भांडुपच्या सीताराम चव्हाणांकडून, इतका स्वस्त की घेताना मलाच लाज वाटली. आता रुखवताची ताटं हातगाडीवरून जाणार नाहीत आणि लग्नघरी पोचेपर्यंत करंज्यांचा चुरा होणार नाही.
शेजारच्या रत्नप्रभाच्या फोनवरून चंद्रप्रकाशला कळवलं. चिरंजीव म्हणाले, ठीक आहे आई, संक्रांतीपर्यंत बघ. धंदा उभा राहिला तर उत्तम, नाहीतर मुलुंडचं घर बंद करून मालाडला आमच्याकडे यायचं. मी म्हटलं, डन. मालाडला माझ्यासाठी हॉलमध्ये टीव्हीखाली फोल्डिंग कॉट आहे. तिच्यावर झोपायची वेळ येणार नाही.
गाडी पूर्वी एका मंडळाकडे समाजसेवेला होती. सीताराम म्हणाले, आजवर एकाही पॅसेंजरची तक्रार नाही. शिफारस म्हणून इथे लिहून ठेवते.

४ नोव्हेंबर
गाडी नीट पाहिली. मागे मधोमध लांब लोखंडी चौथरा, एक उंच माणूस सहज आडवा होईल एवढा. जणू रुखवतासाठीच केलाय. बाजूंना फुलांच्या माळा अडकवायला आकडेसुद्धा! आत झेंडूचा आणि उदबत्तीचा वास. पवित्र वाटलं.
हे गेले त्या सकाळी घरात असाच वास होता. पण उदबत्त्या काय, सगळ्या सारख्याच.

६ नोव्हेंबर
ड्रायव्हर मिळाला. दादू, मालवणकडचा. गाडीबरोबरच आला म्हणायचं, पूर्वीही तोच चालवायचा. फार हळू चालवतो. जरा वेग घे म्हटलं, तर म्हणाला, बाईनू, ह्या गाडयेक कधी घाई नसता.
बाजारातून गेलो. लोक आपणहून बाजूला झाले. फुलवाल्याने हात जोडले. एक मास्तर सायकलवरून उतरून टोपी काढून उभे राहिले. कष्ट करणाऱ्या बाईला मुलुंडमध्ये अजून मान आहे! मी प्रत्येकाला खिडकीतून हसून हात केला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी शिकवलंच होतं, नमस्काराला उत्तर न देणं असभ्यपणाचं. मास्तर मात्र दचकून सायकलसकट गटारात गेले.

९ नोव्हेंबर
पेंटर बोलावला. बाजूच्या पत्र्यावरचे जुने दोन शब्द खरवडून ‘शुभमंगल’ लिहायचं होतं. पहिला शब्द आधीच पुसट होता, तो गेला. दुसरा, ‘यात्रा’, काही केल्या जाईना. राहू दे म्हटलं. शुभमंगल यात्रा. पूर्वी भाविकांना नेत असणार. पेंटरने मजुरी घेतली नाही. म्हणाला, ह्या गाडीचे नाही घेत, मावशी.
रत्नप्रभा खाली आली. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, धन्य आहेस गं तू, मला नसतं जमलं. मी म्हटलं, अगं, सुरुवातीला जड जातं, मग सवय होते. तर ती हुंदकेच द्यायला लागली. मैत्रिणीच्या प्रगतीने इतकं भरून येणारी माणसं आता कुठे मिळतात!

१२ नोव्हेंबर
दुपारी केबिनमध्ये बसून लाडवांचा हिशेब करत होते. मागे कुणीतरी टेकल्यासारखी गाडी जराशी खचली. हे पलंगाच्या कडेला बसायचे, तशी. आधी थोडी, मग पूर्ण. वळून पाहिलं. कुणी नाही. दादू म्हणाला, स्प्रिंगचे पाटे ढिले झालेत.
संकल्प : उद्याच्या उद्या पाटे बदलायचे.

१३ नोव्हेंबर
पाटे बदलले नाहीत. खर्चाचा नीट विचार करायला हवा.

१८ नोव्हेंबर
पहिली मोठी ऑर्डर! घाटकोपरला लग्न. गाडी हॉलच्या फाटकातून उलटी आत घेतली. सनईवाला थांबला. वधूची आजी खुर्चीत डुलक्या घेत होती. तिने डोळे उघडून गाडी पाहिली आणि ओरडली, अरे, मी अजून आहे रे! वय झालं की माणसांना हजेरी द्यायची सवय लागते.
वधूचा मामा धावत आला. म्हणाला, बाई, काही लाजलज्जा? इथे लग्न आहे लग्न! मी शांतपणे म्हटलं, म्हणूनच रुखवत आणलंय. त्याने ताटं मागच्या गल्लीत उतरवून घेतली. फाटकातली गर्दी टाळायला असावं. एकही करंजी मोडली नाही. पहिला प्रयोग यशस्वी.

२८ नोव्हेंबर
पुढच्या दोन्ही ऑर्डरी रद्द. एकाने सांगितलं मुलीचं लग्न मोडलं. दुसऱ्याने सांगितलं रुखवत मांडणं आता जुनाट वाटतं. यंदा लग्नंच कमी दिसतात. कारण एशियाडपासून सगळ्यांनी रंगीत टीव्ही घेतले.

११ डिसेंबर
ऑर्डर नाही. दुपारचा चहा गाडीत घेते. घरापेक्षा तिथे हवा बरी येते. आज सवयीने दोन कप नेले. नेल्यावर लक्षात आलं. दुसरा मागे चौथऱ्यावर ठेवला. परत आले तर रिकामा. दादूला विचारलं, तर म्हणाला, मियां नाय प्यालो. पण त्याच्या मिशीला साय होती.
मिशीला साय होती, असं मला पक्कं वाटतं.

४ जानेवारी १९८७
चंद्रप्रकाश पहिल्यांदाच गाडी बघायला आला. फाटकातच थांबला. मग पायरीवर बसला. म्हणाला, आई, बाबांना ह्याच गाडीतून नेलं होतं.
मी म्हटलं, मुलुंडमध्ये अशा पुष्कळ गाड्या असतील. तो म्हणाला, तो बघ, डाव्या फळकुटाला पोचा. मी बाबांचा हात धरून बसलो होतो तिथे.
बायका स्मशानात जात नाहीत. मी आतल्या खोलीत भिंतीशी बसले होते, द्रौपदीमावशीने दोन्ही खांदे धरले होते. खाली काय उभं आहे, ते पाहिलंच नाही. पुरुषमंडळी गेली, आंघोळ करून परत आली. मधलं कुणी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
दादूला विचारलं. तो म्हणाला, आमका वाटला तुमका म्हायत आसा. म्हणानच घेतल्यात.
सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. रत्नप्रभालासुद्धा.
चंद्रप्रकाश म्हणाला, उद्याच भंगारात दे. मी म्हटलं, पाटे बदलल्याशिवाय किंमत येणार नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. ठरल्याप्रमाणे मालाड. सूनबाई, सुलक्षणा, टेम्पो पाठवते म्हणाली. मी म्हटलं, घरची गाडी असताना कशाला?
चौथऱ्यावर माझी ट्रंक, गादी, लाडवांचे पितळी डबे. वाटेत दादूला विचारलं, त्या दिवशी ह्यांचं डोकं कुठल्या बाजूला होतं? तो म्हणाला, केबिनीकडे. म्हणजे माझ्या पाठीला पाठ नाही, पण जवळजवळ. मी टेकून बसले. खड्डे आले तेव्हा दादूला म्हटलं, सावकाश रे.
मालाडला पोचलो तर सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवरच खाली आले. म्हणाले, ही इथे उभी करायची नाही हं, वर म्हातारी माणसं आहेत. चंद्रप्रकाशने माझ्याकडे न बघता दादूला सांगितलं, कोपऱ्यापलीकडे, पिठाच्या गिरणीमागे लाव. भंगारवाला सापडेपर्यंत.
फोल्डिंग कॉट वाटली होती तेवढी अरुंद नाही. त्याहून अरुंद आहे.

१५ जानेवारी
धंदा तूर्त स्थगित. स्वतःच्या इच्छेने.
नवा संकल्प : रोज सकाळी मॉर्निंग वॉक. गुडघ्यांसाठी. फार लांब नाही, गिरणीपर्यंत जायचं, थोडं बसायचं, परत यायचं. सुलक्षणा म्हणाली, आई, मीही येते सोबतीला. नको म्हटलं. माझा वेग तिला झेपायचा नाही.