आमच्या घराला दहापैकी सात

सन्माननीय विहीणबाई ओलिंपियाबाई यांना अग्रिपिनाचा आदरपूर्वक नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आराम पडो आणि गुडघ्याच्या डॉक्टरांना उदंड आयुष्य लाभो. (डॉक्टरांसाठी मुद्दाम मागते, कारण ते नसतील तर तुम्ही बर्लादमध्ये बोलणार कशाविषयी, याची मला काळजी वाटते.) आम्ही दोघी, म्हणजे मी आणि आपली नात स्मारांदा, खुशाल आहोत. निदान मी तरी आहे. स्मारांदाच्या खुशालीविषयी सध्या वाद चालू आहे, आणि त्या वादाला तिखटमीठ लावून पोस्टमनच्या बायकोच्या बहिणीने तो तुमच्या स्वयंपाकघरात पोचवला, असे कळले. तिने मीठ जास्त घातले असणार, म्हणून खरी हकिगत मीच कळवते.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत यास शहरातून तेओफिल नावाचा एक संशोधक आला. पोरगा सभ्य आहे, दाढी आहे, पण फेब्रुवारीत उघड्या गळ्याने हिंडतो, तेव्हा त्याच्या आईविषयी मी काही बोलत नाही. मुले आपल्या आयुष्यावर कितपत समाधानी आहेत, हे तो शोधतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. (आपल्या लहानपणी बदकांना दाणे घातलेस का, एवढेच विचारत, आणि नाही म्हटले की आपण समाधानी राहत नव्हतो.) पालकांच्या सह्या घ्यायला तो आठवडाभर आधी आला आणि सगळे समजावून गेला. घर, शाळा, मैत्रिणी, आपले दिसणे, गावातले रस्ते, अशा प्रत्येकाविषयी मुलांनी शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहायचा. नाव घालायचे नाही, आणि बरोबर-चूक असे काही नाही. हे शेवटचे त्याने इतक्यांदा बजावले की बुझ्दुगानबाईंना, म्हणजे पाचवीच्या वर्गशिक्षिकेला, संशयच आला. आपल्याकडे दहापैकी आकडा म्हणजे गुण, गुण म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हटली की वरून कोणीतरी बघणार. बाईंनी शनिवारी जादा तास घेऊन मुलांकडून समाधान पाठ करून घेतले. शेजारच्या प्रिकोपांनी तर पोराला हुशी शहरात शिकवणी लावली. त्या पोराने सगळ्याला दहा दिले. शाळेच्या बसलाही दहा दिले. शाळेला बस नाही.

थोडक्यात, वर्गात सगळीकडे दहाच दहा, आणि आपल्या स्मारांदाने घराला सात दिले. नाव नसलेल्या कागदावरचे मला कसे कळले म्हणाल, तर तिनेच सांगितले, सूप पिता पिता, मीठ मागावे तशा आवाजात. आता आमच्या घरात आहे कोण? मी आणि मांजर. मांजराचे गुण काही कापलेले नाहीत, हे मी त्याच जेवणावर विचारून घेतले.

तुम्ही म्हणाल, सात काही वाईट नाहीत. तुमच्या कोस्तेलला शाळेत कधी सात मिळाले असते तर तुम्ही चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. पण याच कोस्तेलने नाताळात माझ्या टेबलाशी बसून, कोबीच्या पानात गुंडाळलेले माझे सार्माले खाता खाता जाहीर केले की तिकडे इटलीत, ब्रेशाला, आता दोन खोल्या झाल्या आहेत, आणि पोरीला इथे करमत नसेल तर ईस्टरला येऊ तेव्हा तिला घेऊन जाऊ. माझी लेक लुमिनित्सा ताटाकडे बघत राहिली. (तिथे ती एका म्हातारीची सेवा करते. इथे एक म्हातारी फुकट बसली आहे, पण ते जाऊ दे.) विहीणबाई, ती दोघे इटलीला गेली तेव्हा पोर पाच वर्षांची होती. तिचे दात माझ्या घरात पडले आणि माझ्याच घरात नवे आले. तिला कोणी न्यावे हे मला नको आहे, मी सरळ लिहिते. तुमच्यापुढे लाजायला आपण काय कालच्या विहिणी आहोत? आणि नेमक्या अशा वेळी ही बाई सात लिहून मोकळी. इटलीत कळले तर संपलेच.

मग कोणीही शहाणे माणूस करील तेच मी केले. फेरतपासणीचा अर्ज केला. (हसू नका. कोस्तेलच्या बारावीच्या निकालावर तुम्ही प्रत्येक विषयाला अर्ज टाकला होता, व्यायामालासुद्धा.) काळा कोट चढवला, कॉफीचे पाकीट पिशवीत घातले आणि शाळेत जाऊन तेओफिलसमोर उभी राहिले. त्याने कॉफी घ्यायला नकार दिला, तेव्हाच मी ओळखले की प्रकरण अवघड आहे.

"आजी, हे मार्क नाहीत हो," तो म्हणाला. "तिला स्वतःला काय वाटतं, तेवढंच आम्ही विचारतो."

"तिला काय वाटतं ते गेली सहा वर्षं मी ठरवतेय," मी म्हटले. "थंडी वाजते की नाही तेसुद्धा मीच ठरवते. तुलाही वाजतेय, गळा झाक."

त्याने गळ्यावर हात ठेवला. मग बराच वेळ समजावले की मुलाचे समाधान मुलालाच विचारावे लागते, आजवर सगळ्यांनी ते मोठ्यांना विचारले आणि तिथेच चुकले. मी मान डोलवत होते, कारण असल्या मुलांना बोलू दिले की बरे वाटते. शेवटी त्याने सांगितले की पंधरा दिवसांनी तेच प्रश्न त्याच मुलांना पुन्हा विचारायचे आहेत. उत्तरे टिकतात की बदलतात हे पाहायचे असते. मी म्हटले, असे सरळ सांग ना बाबा, की अर्ज मंजूर झाला! तो नाही नाही म्हणत मागे आला, पण मी तोवर फाटकाबाहेर पडले होते.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी त्या पोरीला सुखी केले. अशी मेहनत मी तुमच्या मुलाच्या लग्नातही घेतली नव्हती. रोज चीजच्या पोळ्या तळल्या, नको म्हणाली तर गोड केल्या. तिच्या मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांना मजा यावी म्हणून स्वतः मध्ये बसून राहिले. सकाळी लवकर उठवून नीट झोप लागली का ते विचारले. दोन खिडक्यांमधून वारा येऊन पोर आजारी पडली तर कुठले समाधान, म्हणून एक खिडकी कायमची बंद केली आणि घरातही लोकरी टोपी घालायला लावली. (शेगडी पेटलेली होती, हे ती मुद्दाम सगळ्यांना सांगते.) रागावणे बंद केले. तिने माझे काचेचे भांडे फोडले तेव्हा मी नुसती हसले. ती घाबरून रडायला लागली. रात्रीच्या जेवणानंतर रोज चौकशी करायचे.

"आज किती?"

"आजी, मला गणित करू दे ना."

"गणित कुठे पळतंय? आधी सांग, आनंदात आहेस ना?"

"होते मघाशी."

यावर मी आणखी एक पोळी वाढायचे. मला वाटले होते, दहा नाही तर नऊ तरी कुठे गेले नाहीत. मग तो दिवस आला, ती शाळेतून आली, टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाली, पाच. फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात, ही ओळ प्रत्येक अर्जाखाली छापलेली असते, आणि या देशात ती अजून कोणी वाचलेली नाही. मी तशीच घरातल्या चपलांवर शाळेत गेले. तेओफिलने माझे सगळे ऐकून घेतले आणि फार आस्थेने विचारले, मधल्या दिवसांत घरात काही विशेष घडलं का? मी म्हटले, काही नाही, सुख. यावर तो ज्या तऱ्हेने खोकला, त्यावरून त्याला थंडी बाधलीच आहे, हे माझे पहिल्यापासूनचे मत खरे ठरले.

तर एवढीच हकिगत आहे. पोस्टमनच्या बायकोची बहीण सांगते तसे मी शाळेत आरडाओरडा केला नाही आणि संशोधकाला छत्री मारली नाही. छत्री मी विसरून आले होते. आपण दोघी या वयात अशा क्षुल्लक गोष्टींच्या वर आहोत. मला तुमच्याकडून काहीही नको, फक्त खरे काय ते माहीत असावे म्हणून लिहिले.

गुडघा उबेत ठेवा.

तुमची आदर राखणारी विहीण,
अग्रिपिना

ता. क. काहीही नको असे लिहिले, ते तसे अगदी बरोबर नाही. कोस्तेल दर रविवारी तुम्हाला फोन करतो. त्याने विचारले तर दहा सांगा. पाचाचे नाव काढू नका, साताचेही नको. खोटे बोलवत नसेल तर देवाच्या तसबिरीकडे पाठ करून बोला, मी तसेच करते. या उपकाराच्या बदल्यात ईस्टरभर तुमच्या गुडघ्याविषयी निमूट ऐकून घेईन.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला बसले तेव्हा स्मारांदा समोर होती. आता आकडा विचारून उपयोग नव्हता, म्हणून नुसतेच विचारले, इटलीला जायचंय का गं तुला? ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "पण तू एकटी राहशील." मी विचारले, म्हणून सात? तर म्हणते, "दहा लिहिले असते तर आईला वाटलं असतं, ही तिथेच बरी आहे. फारच कमी लिहिले असते तर तू रडली असतीस. म्हणून सात." मग नंतर पाच का लिहिलेस, असे विचारले. "ते टोपीमुळे," म्हणाली.

विहीणबाई, एवढीशी पोर माझा जीव आणि आईचा जीव दोन्ही सांभाळून आकडा लिहीत होती, आणि मी तिच्यावर फेरतपासणी मागत होते. मी रडले, तिच्यासमोरच रडले. तिने उठून माझ्यासाठी चहा केला, फार गोड केला, मी सगळा प्यायले. तेव्हा पहिला ता. क. खोडला असे समजा. कोस्तेलला पाच सांगा. टोपीचे सांगू नका. ईस्टरनंतर परत जाताना गाडीत तिच्यासाठी जागा धरायला सांगा, खिडकीजवळची नको.

ता. क. तिसरा. एक गोष्ट वर लिहिली नाही, कारण मला लिहायची नव्हती. त्या कागदावर आपल्याबरोबर न राहणाऱ्या नातेवाइकांसाठी वेगळा प्रश्न होता, आणि तिथे तिने तुम्हाला दहा दिले आहेत, दोन्ही वेळा. ईस्टरनंतर मीही त्याच प्रश्नात येते. तुम्ही तिच्यासाठी आणता तो सूर्यफुलाच्या बियांचा हलवा बर्लादला कुठल्या दुकानात मिळतो, तेवढे कळवा.