एनिडवन्संनी निवडलेलं पार्क

श्रूजबरी,
६ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. नोरीनला एनिडचे अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याला परवा फोन केला होता. माझा धाकटा भाऊ असला तरी आता चाळिशीला आलाय, तेव्हा उन्हाळ्यात समुद्रावर कुठं जायचं एवढं तरी त्याला सांगता येईल असं मला वाटलं. क्लाइव्ह म्हणाला, नोरीनला विचार. म्हणून हे पत्र.

सोबत टर्नस्टोन पार्कचं माहितीपत्रक आहे. वेल्सच्या किनाऱ्यावर, टेकडीच्या उतारावर पायरी पायरीनं कॅरॅव्हन, ती चाकांवरची घरं, लावल्या आहेत. प्रत्येकीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. बाबांनी जन्मभर कारखान्यात बसून बशांच्या कडांना सोनेरी रेघा ओढल्या, आता आठवडाभर खिडकीत बसून लाटा बघू देत. आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका तिथं जाऊन आल्या आणि त्यांची तक्रार नाही. मी मुख्याध्यापिका आहे, शिक्षिकांची तक्रार नसणं किती दुर्मीळ असतं ते मला विचार.

होकार लवकर कळव, जागा भरतात. तुमच्या लेकीला, जिलला पापा. बाबांची काळजी घेतेसच.

तुझी,
एनिड


स्टोक,
१५ फेब्रुवारी

ती. एनिडवन्संना नोरीनचा सा. न. वि. वि.

पत्र आणि माहितीपत्रक पोचलं. चित्रं फार सुरेख आहेत. पण वन्सं, मला टर्नस्टोन नको वाटतं. पायऱ्या फार आहेत, आणि संडास-बाथरूमची इमारत पार खाली, झाडांच्या पलीकडे. मला पायऱ्यांचा कंटाळा आहे.

आपण नेहमी जायचो त्या जुन्या पार्कातच गेलो तर? तिथली वाट न वाट सगळ्यांच्या पायाखालची आहे. मामंजी मजेत आहेत. हल्ली वर्तमानपत्र मी वाचून दाखवते. माझा आवाज त्यांना बरा वाटतो म्हणतात.

रागावू नये. लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.

आपली,
नोरीन


श्रूजबरी,
२२ फेब्रुवारी

चि. सौ. नोरीनला आशीर्वाद.

तू अडतीस वर्षांची आहेस आणि तुला पायऱ्यांचा कंटाळा आहे. बरं.

जुन्या पार्काचं नाव काढू नकोस. तिथल्या गाद्या ओलसर, आणि क्लबातला बिंगोच्या आकड्यांचा पुकारा उशीत डोकं खुपसलं तरी ऐकू यायचा. गेल्या वेळी मी शपथ घेऊन आले होते.

आता ब्रॅकन हेडचं पत्रक पाठवते. जमीन तळहातासारखी सपाट. कॅरॅव्हन नव्याकोऱ्या, सगळ्या साईच्या रंगाच्या, शिस्तीत रांगेनं लावलेल्या. पायरी म्हणशील तर फक्त कॅरॅव्हनच्या दाराशी. तेवढी चढवेल ना?

एनिड


स्टोक,
४ मार्च

ती. एनिडवन्संना सा. न. वि. वि.

तुमचा राग कळला. पण ब्रॅकन हेडही नको. सगळ्या कॅरॅव्हन एकसारख्या, एक झाड नाही, एक रंगीत दार नाही. असल्या ठिकाणी माणसाला आपलं घर कुठलं ते कळायचं कसं? मला तर चित्र बघूनच गरगरलं. जायचंच असेल तर निदान फाटकाजवळची पहिली मिळते का ते विचाराल? नाहीतर नळाशेजारची.

क्लाइव्हला यातलं काही विचारू नका. त्याचं मत मी सांगेन तेच आहे.

तुमचीच (अजून तरी),
नोरीन


श्रूजबरी,
१२ मार्च

नोरीन,

आधी पायऱ्या, मग रंग. पुढच्या खेपेला समुद्र ओला आहे म्हणशील. आपल्या घरात सगळ्यांनी तुझ्या तालावर चालायचं ठरलेलं दिसतं. बाबांना फोनवर विचारलं तर म्हणाले, नोरीन म्हणेल तसं. ज्या माणसानं आईचंही कधी ऐकलं नाही, तो हे म्हणतो.

मी ब्रॅकन हेड ठरवून टाकलंय. जुलैअखेरीस पहिला आठवडा मी आणि बाबा, दुसऱ्या आठवड्याला तुम्ही तिघं या. फाटकाजवळची गेली होती. आपली मधल्या रांगेत आहे. यावर आणखी पत्र नको.

एनिड


स्टोक,
१८ जुलै

ती. एनिडवन्संना नमस्कार.

पत्र नको म्हणालात, पण मामंजी तुमच्याबरोबर एकटे निघालेत म्हणून लिहिते. त्यांना एकट्याला फिरायला सोडू नका. त्यांच्या वस्तू ते ठेवतील तिथंच असू द्या, आवरायला म्हणून हलवू नका. चहा देताना कप हातात द्या, टेबलावर ठेवू नका. भरतीच्या वेळी दगडांवर नको.

का ते विचारू नका. मी सून म्हणून सांगते आहे असं समजा.

नोरीन


ब्रॅकन हेड,
सोमवार, २५ जुलै

नोरीन,

तुझ्या सूचनांचा मला इतका राग आला होता की मी त्या वाचून चुलीत टाकल्या. आपल्याच बापाला कप कसा द्यायचा हे मला सून शिकवणार! आता काय झालं ते ऐक.

आल्यापासून बाबा घुम्यासारखे. मी बोलले की माझ्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघायचे. मला वाटलं, रुसलेत. आज दुपारी म्हणाले, बाथरूमला जाऊन येतो. मी बटाटे सोलत होते. बटाटे उकडले, हेरिंग मासे तळून झाले, तरी पत्ता नाही. मग मी निघाले. त्या साईच्या रंगाच्या रांगा, नोरीन! तीन वेळा मीच चुकले. समुद्राच्या बाजूला माणसं धावताना दिसली आणि मीही त्यांच्यामागं धावत सुटले. पण ती पोरांची पतंगामागची धावाधाव होती.

शेवटी मागच्या रांगेत एका उघड्या दारातून बाबांचा आवाज आला. आत विगनच्या कुणी मिसेस टॅटरसॉल, केसांना रोलर लावलेल्या, हातात किटली घेऊन उभ्या. बाबा त्यांच्या सोफ्यावर, बूट काढून, पाय पसरून. आणि त्या बाईकडे बघत म्हणत होते, "एनिड, आज पहिल्यांदा चहा प्यायसारखा केलास बघ."

 त्या बिचाऱ्या बाईंनी कप फक्त पुन्हा भरला. मी दारातून हाक मारली, तशी बाबांची मान वळली. तो चेहरा मला विसरता यायचा नाही. मग हसले, म्हणाले, गंमत केली, मला पहिल्यापासून माहीत होतं. पण बूट घालायला गेले तो उजवा बूट डाव्या पायात.

त्यांची बुद्धी गेली आहे का? कधीपासून? आणि तुला हे माहीत होतं, तर मला गेले सहा महिने पायऱ्या आणि रंग कशाला सांगत बसलीस? इथला फोन ऑफिसात आहे आणि मॅनेजर कान देऊन बसतो. लिहूनच कळव. लगेच.

एनिड


स्टोक,
मंगळवार

ती. एनिडवन्सं,

बुद्धी शाबूत आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. डोळे गेलेत. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय, कडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणून ते तुमच्या खांद्याकडे बघत होते. तेव्हा तुम्ही त्यांना थोड्याशा दिसता. गेल्या शरद ऋतूत डॉक्टरांनी सांगितलं की सुधारणार नाही.

मामंजींनी मला शपथ घातली होती. क्लाइव्हला माहीत आहे, तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. हेटीआत्यांचे डोळे गेले तेव्हा तुम्ही आठ दिवसांत त्यांना वृद्धाश्रमात पोचवलं. मामंजी म्हणाले, एनिडला कळलं तर ती हेटीच्या शेजारची खोली घेऊन देईल, आणि पडदेही स्वतः निवडेल.

मग मी काय करणार होते? पायऱ्या त्यांना दिसत नाहीत असं लिहिता येईना, म्हणून मला आवडत नाहीत असं लिहिलं. सहा महिने तुमचे टोमणे खाल्ले. मला त्याचं काही नाही असं म्हणणार होते, पण म्हणत नाही. मला त्याचा फार त्रास झाला, वन्सं.

आता त्यांना तिथं घाबरं करू नका. वाटलं तर शनिवारऐवजी उद्याच येऊन घेऊन जाते.

नोरीन


ब्रॅकन हेड,
गुरुवार, २८ जुलै

प्रिय नोरीनला एनिडचे आशीर्वाद, आणि वयाचा मान बाजूला ठेवून एक नमस्कारही.

काल तुझं पत्र वाचून आधी मी चिडले. हेटीआत्या गॅस चालू ठेवून झोपायच्या, ती गोष्ट वेगळी होती, हे मी तुला चार पानं भरून लिहिलं आणि फाडून टाकलं. पडद्यांचं मात्र खरं आहे. मीच निवडले होते.

येऊ नकोस, शनिवारीच या. मला कळलं हे बाबांना मी सांगितलेलं नाही. त्यांना सांगायचं असेल तेव्हा सांगतील. पण बाहेर तर न्यायला हवं, आणि ते मला हात धरू देईनात. म्हणून काल दाराच्या पायरीवरून उतरताना मी लंगडले. गुडघा मुरगळला म्हटलं. बाबांनी आपणहून दंड पुढे केला. वर ऐकवलं की पन्नाशी गाठायच्या आधीच ही तऱ्हा.

आता आम्ही असे चालतो: खड्डा आला की मी कण्हते, पायरी आली की "अगं आई गं" करते, वळण आलं की माझा गुडघा मला त्या बाजूला ओढतो. सबंध पार्कात माझी कीव चालली आहे. मिसेस टॅटरसॉलनी चोळायला तेल पाठवलंय, त्याला मेलेल्या माशासारखा वास येतो, आणि बाबा ते लावल्याशिवाय सोडत नाहीत. रेडिओ मी दारात ठेवते, मोठ्यानं. शेजारचे कुरकुरतात, पण बाबा बाथरूमहून बरोबर आपल्याच दारात येतात. आपलं घर त्यांना सापडतं.

आज ओहोटीला वाळूवर त्यांनी माझा हात सोडला. म्हणाले, तू बस, तुला झेपणार नाही. आणि लाटांच्या आवाजाकडे सरळ चालत गेले, खिशात हात घालून, तरुणासारखे. मी उठले नाही. उठू नये म्हणून वाळू मुठीत घट्ट धरून बसले होते. पाणी घोट्याला लागल्यावर ते थांबले, बराच वेळ उभे राहिले, आणि मग मला हाक मारली. मी ओ दिली. त्या ओच्या रोखानं परत आले.

संध्याकाळी म्हणाले, पुढच्या वर्षीचं आतापासून बघूया, ऑफिसातून पत्रकं आण आणि वाच, माझा चष्मा घरी राहिलाय. मी वाचली. चार पार्कं त्यांनी नापास केली. एकाचा रस्ता खडीचा, दुसरीकडे फार चढ, बाकी दोन्हीकडे बाथरूम लांब. म्हणाले, एनिड, आता हट्ट सोड, तुझ्या गुडघ्याला झेपेल असंच ठिकाण घ्यायचं, आणि यात मी तुझं ऐकणार नाही.

तेव्हा शनिवारी गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांच्यादेखत माझ्या गुडघ्याची चौकशी कर. डावा आहे. क्लाइव्हला दोनदा सांग, तो उजव्याकडे बघेल.

माझ्यावर लोभ ठेवावास असं मी काही केलेलं नाही. तरी ठेव.

तुझी,
एनिड