तिसऱ्या वळणावर

रविवार, ७ सप्टेंबर

पडले! डाव्या हाताने लिहितेय, अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं. उजवं कॉलरबोन मोडलंय. सहा आठवडे हात झोळीत.

मोटरसायकल शर्यतीच्या ट्रॅकवरचा पहिलाच दिवस. चार फेऱ्या झकास. पाचवीत, तिसऱ्या वळणावर, लाल हेल्मेटवाला शेजारून पुढे गेला आणि मी थेट कडेच्या खडीत. मोटरसायकल एकीकडे, मी एकीकडे. सगळ्यात आधी धावत आला तोच. "हलू नका ताई, मान तशीच ठेवा."

नवरा धापा टाकत हॉस्पिटलात. "कसं झालं?" तोंडून निघून गेलं — "एकाने गाडी आडवी घातली."

सोमवार, ८ सप्टेंबर

नवऱ्याने ट्रॅकच्या ऑफिसला फोन करून असं झापलं! मी पलंगावरून ऐकत होते. थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.

सासूबाई: "दोन मुलांची आई तू. काय नडलं होतं?" काय सांगू त्यांना? आवडतं, म्हणून.

गुरुवार, ११ सप्टेंबर

लाल हेल्मेटवाल्याला चौकशी होईपर्यंत ट्रॅकवर बंदी. नवरा खूश. मी ताट तसंच उचलून ठेवलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

मास्तर घरी आले. ट्रॅकवर शिकवतात, साठीचे, बोलणं मोजकं. त्या फेरीत ते माझ्या मागेच होते, गाडीला कॅमेरा लावून. लॅपटॉप उघडला.

लाल हेल्मेट शेजारून जातंय. आमच्या दोघांच्या मध्ये अख्खी बस मावेल एवढी जागा! माझा वेग ठीक. गाडी वाकवलीय तीही ठीक. आणि डोकं? सरळ खडीकडे. वळणाकडे नाहीच.

"खडी दिसली, घाबरलात, तिच्याकडेच बघत राहिलात. नजर जाते तिकडे गाडी जाते."

आणि मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते! सोळा वर्षं लोकांना सांगतेय — इकडे बघा, आता तिकडे बघा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दारात चप्पल घालताना मास्तर म्हणाले, "ऑफिसात अजून दाखवलं नाही. म्हटलं, आधी तुम्ही बघावं." बस, एवढंच.

गुरुवार, १८ सप्टेंबर

फोन घेतला. ठेवला. चहा केला. परत घेतला.

ऑफिसला सांगितलं — त्याची चूक नव्हती, मी खोटं बोलले. मग त्यांच्याकडूनच नंबर घेऊन लाल हेल्मेटवाल्याला लावला. प्लंबर आहे तो. कुणाच्या तरी सिंकखालून बोलत होता. "ताई, मला वाटलं मीच फार जवळून गेलो. दहा दिवस डोक्यातून जात नव्हतं." शरमेने मेले. माफी मागितली. त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "मी पहिल्यांदा पडलो तेव्हा टायरला शिव्या घातल्या होत्या. टायरवर बंदी आली नाही एवढंच!" हसलो दोघंही. हसलं की हाड दुखतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो उठून ओट्याशी गेला. भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

शनिवार, २० सप्टेंबर

दोन दिवसांत "मीठ दे" एवढाच संवाद.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

झोळी सुटून पाच दिवस झाले. हात लाकडासारखा, पण रोज थोडा वर जातोय. नजरेचा सराव पायीच चालू आहे: कोपरा आला की मान वळवायची, वळण संपतं तिथे बघायचं. भाजीवाली म्हणाली, "कुणाला शोधताय, बाई?"

रविवार, ९ नोव्हेंबर

ट्रॅकवर गेले! डॉक्टर हो म्हणाले, मास्तर हो म्हणाले. नवरा फक्त "येतो" म्हणाला आणि दिवसभर कठड्याला धरून उभा.

पहिल्या फेरीत तिसरं वळण आलं. खडी बोलावत होती, अगदी नाव घेऊन! मान वळवली. वळण संपतं तिथे पांढरा पट्टा आहे, त्याच्याकडे बघितलं. गाडी आपली निमूट तिकडे गेली. हेल्मेटमध्ये एकटीच ओरडले. अकरा फेऱ्या. पुढे पुढे प्लंबर, बंदी उठलेला, आज नवीन टायर घालून. बाहेर आल्यावर त्याने पाणी दिलं, "आता टायरला शिव्या नकोत हं!"

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी पोळ्या लाटत होते. नवरा मागे येऊन उभा राहिला. "कॉलेजात असताना गाडीवरून पडलो होतो मी. ट्रक आडवा आला, असं बाबांना सांगितलं. ट्रक नव्हताच गं. तेव्हापासून हँडलला हात लावलेला नाही." मग म्हणाला, "शिकवशील मला?"